हलका हात

माझ्या सासूबाईंना सुईची विलक्षण भीती, आणि नशिबी आला मधुमेह. "देवाला दुसरं कोणी भेटलं नाही," असं त्या स्वतःच म्हणायच्या. रोज सकाळी नाश्त्याआधी इन्शुलिन. त्या वेळी त्या तोंड भिंतीकडे फिरवत, डोळे गच्च मिटत आणि डावा दंड असा पुढे करत की जणू तो शेजारणीचा आहे. इंजेक्शन द्यायचा माझा धाकटा दीर जयप्रकाश. तो डॉक्टर होता. "जयूचा हात हलका," आई म्हणायच्या, "कधी टोचलं ते कळतसुद्धा नाही." इतर बायका मुलाच्या पगाराचं सांगतात, ह्या हाताचं सांगायच्या.

आमचं घर कलकत्त्यात, बालीगंजला. सासरे सदाशिवराव, म्हणजे आमचे अण्णा, जन्मले बागबाजारात. मराठ्यांच्या भीतीने कलकत्त्याच्या लोकांनी तिथूनच खंदक खणायला घेतला होता, हे ते प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगत. "मराठे काही आले नाहीत. आलो ते आम्ही, मास्तरकी करायला," असं म्हणून स्वतःच हसत. मी मात्र बदलीच्या घरातली. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे शाळेत मैत्रीण जमते न जमते तोच सामान बांधायची वेळ यायची. भिंतींवर, खुर्च्यांवर जीव लावण्याची सवय मला लागलीच नाही. सासरी आल्यावर बघितलं तर इथे अण्णांच्या वडिलांची काठीसुद्धा त्याच कोपऱ्यात उभी.

जयप्रकाशचं असं झालं. त्याला मूतखडा झाला, वेदना असह्य झाल्या, तेव्हा त्याच्याच हॉस्पिटलात त्याला वेदना मारायला पेथिडिनची इंजेक्शनं देत होते. खडा पडून गेला, पेथिडिन राहिलं. वॉर्डातल्या अँप्यूल, म्हणजे औषधाच्या काचेच्या कुप्या, खिशातून घरी येऊ लागल्या. सकाळी तो पातेल्यात आईंची काचेची सिरिंज उकळायचा, त्यांना इन्शुलिन द्यायचा आणि मग स्वयंपाकघराला लागून असलेल्या छोट्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचा. वर्षभर कोणाला पत्ता नव्हता. मग एकदा आईंनी पातेल्यात डोकावून विचारलं, "जयू, आज दोन सिरिंजा कशाला रे?" खोटं बोलण्यात तो पहिल्यापासून कच्चा. तिथेच खाली बसून रडला आणि सगळं सांगून मोकळा झाला. त्याला रांचीच्या इस्पितळात ठेवलं. सहा महिन्यांनी, शहात्तरच्या थंडीत, तो बरा होऊन परत येणार असा निरोप आला आणि घरात दिवाळी सुरू झाली.

फक्त मलाच धास्ती वाटत होती. त्याचं कारण माझं काम. मी एका मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवत होते आणि उरलेल्या वेळात पांढऱ्या उंदरांवर प्रयोग करत होते. प्रयोग मॉर्फिनचे, आणि पेथिडिन हे मॉर्फिनचंच चुलत भावंड. काही उंदरांना आम्ही रोज एका ठरावीक पेटीत मॉर्फिन द्यायचो. पेटीच्या भिंतींवर काळे पट्टे, कोपऱ्यात निलगिरीच्या तेलाचा बोळा. मग मॉर्फिन बंद. सुरुवातीला त्यांचे फार हाल व्हायचे. भिजलेल्या कुत्र्यासारखं अंग झटकायचे, दात वाजवायचे. हळूहळू सुधारायचे, खाऊ-पिऊ लागायचे, वजन भरायचं. बघणाऱ्याला वाटावं, सुटले. पण अशा बऱ्या झालेल्या उंदराला पुन्हा पट्ट्यांच्या पेटीत ठेवलं, की औषधाचा थेंबही न देता तो अंग झटकू लागायचा. साध्या पेटीत तोच उंदीर खुशाल झोपून जायचा.

मेंदू औषध मुकाट्याने सोसत नाही. औषध शरीराला एकीकडे ओढतं, तर मेंदू उलटीकडे ओढायला शिकतो. पुढे तो औषध यायची वाटही बघत नाही. पट्टे दिसले, वास आला, की आधीच ओढायला लागतो. जावई येणार म्हणून पुरण शिजवून ठेवावं आणि जावयाने येऊच नये, तशातली गत. पुरण उरतं. अंगाची ती थरथर म्हणजे उरलेलं पुरण. ते संपवायचा एकच उपाय मेंदूला ठाऊक असतो, तो म्हणजे जावयाला बोलावणं.

आईंनी छोटी खोली झाडून घेतली होती. त्याचं टेबल, त्याची खुर्ची, खिडकीचा पडदा, सगळं होतं तस्संच. सहा महिने इंजेक्शन द्यायला गल्लीतले कंपाउंडरबाबू येत होते. जयप्रकाश यायच्या आदल्या रात्री जेवायला बसलो तेव्हा आई म्हणाल्या, "बाबूंना सांगून टाकलं, परवापासून येऊ नका. माझा डॉक्टर घरी येतोय."

"आई, इंजेक्शन मी देत जाईन," मी म्हटलं. "भाऊजींना नको सांगायला."

"का? विश्वास नाही तुझा त्याच्यावर?"

"विश्वासाचा प्रश्नच नाही. उकळतं पातेलं, स्पिरिटचा वास, तुमचा दंड. वर्षभर रोज ह्याच्यापाठोपाठ त्यांना पेथिडिन मिळालंय. त्यांच्या अंगाला ते पाठ झालंय." आणि मग मी उंदरांचं सांगितलं, पट्ट्यांसकट. आमटीभाताच्या पानावर उंदरांचा विषय कोणाला आवडेल?

"माझा मुलगा उंदीर नाही," आई म्हणाल्या आणि भाताचं पातेलं माझ्यापासून लांब सरकवलं.

अण्णा हसले. "कालिंदी, तुझं हे त्या खंदकासारखंच. शत्रू दिसायच्या आत खणायला सुरुवात."

"अण्णा, इथे शत्रू वर्षभर राहून गेलाय," मी म्हटलं. "त्याला घरातल्या वाटा माहीत आहेत."

माझा नवरा श्यामकांत बँकेत अधिकारी. दोन्ही बाजूंच्या अर्जांवर विचार करायची त्याला सवय. त्याने ते सगळं जेवण पाणी पिण्यात काढलं.

आई हळू आवाजात म्हणाल्या, "बाहेर लोक आता त्याच्याकडे चोरासारखं बघणार. आईनेही तसंच बघायचं? मी दंड पुढे करीन तेव्हा त्याला कळेल की ह्या घरात तो पहिल्यासारखाच आहे."

त्यांच्या मायेत काडीची खोट नव्हती, म्हणूनच माझा संताप संताप झाला. तो पहिल्यासारखा व्हायला नको, एवढंच तर मी सांगत होते.

जयप्रकाश आला. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, औक्षण झालं. रांचीच्या हवेने गाल भरले होते. "चहा झाली का?" त्याने आत येताच विचारलं. जन्मभर कलकत्त्यात काढल्यामुळे त्याचं मराठी असंच अडखळत चालायचं आणि अण्णा जन्मभर ते सुधारायचे. त्या दिवशी अण्णांनी सुधारलं नाही. डोळे पुसत म्हणाले, "झाली, झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी पातेलं त्याच्या हातात दिलं. त्याने सिरिंज उकळली, स्पिरिटचा बोळा फिरवला, इंजेक्शन दिलं. हात जरासुद्धा कापला नाही. "बघ," आई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "फूल टेकवल्यासारखं." त्याने सिरिंज धुऊन ठेवली आणि लगेच त्याला जांभया सुरू झाल्या. नाक वाहू लागलं, डोळ्यांना पाणी, दंडावर काटा. उंदरांचं अंग झटकणं माणसात असं दिसतं. तो छोट्या खोलीत जाऊन बसला. दार उघडंच ठेवलं होतं त्याने, आम्हाला दिसावं म्हणून. बिचारा शाल पांघरून भिंतीकडे बघत होता.

"गारठा लागला पोराला," म्हणत आईंनी आल्याचा काढा टाकला.

मग ही सर्दी रोजचीच झाली. इंजेक्शन झालं की यायची, दहाच्या सुमाराला जायची. आईंनी काढ्यात गवती चहा घातला, मिरी घातली, छातीला तेल चोळलं. मी ट्रामने कॉलेजात जायची, पट्ट्यांच्या पेटीपुढे बसायची, आणि माझं चित्त घरी. रोज सकाळी तो माणूस घरच्यांदेखत तळमळत होता आणि आम्ही त्याला काढा पाजत होतो. एक ना एक दिवस तो जावयाला बोलावणार हे मला दिसत होतं. डमडमला त्याच्या वर्गमित्राचं, श्रीकांतचं, नर्सिंग होम होतं. तिथे नोकरी तयार आहे, असं तो एकदा बोलून गेला. नर्सिंग होम म्हणजे अँप्यूलचं कपाट आलंच.

एके दिवशी आईंची रक्तातली साखर तपासायची होती. उपाशीपोटी जायचं म्हणून सकाळी पातेलं चढलंच नाही, इन्शुलिन बाहेरच दिलं. त्या दिवशी जयप्रकाश जांभई न देता अण्णांशी बुद्धिबळ खेळत बसला.

"आई, आज सर्दी नाही झाली भाऊजींना," मी एवढंच म्हटलं.

त्या रविवारी सकाळी जयप्रकाश उठायच्या आत त्या माझ्या खोलीत आल्या आणि दार लावून म्हणाल्या, "आज तू दे." मी माझ्याकडच्या सिरिंजने इंजेक्शन दिलं. त्या "आई गं!" करून ओरडल्या आणि माझ्या हाताला बैलाची उपमा देऊन स्वयंपाकघरात गेल्या. नेहमीची सिरिंज घेतली, पातेल्यात पाणी घातलं, स्टोव्ह पेटवला. इंजेक्शन तर झालं होतं. मग हे कशासाठी? मी दारातच थांबले.

जयप्रकाश गॅलरीत पेपर वाचत होता. स्वयंपाकघरातून तो सरळ दिसायचा. पाण्याला उकळी आली आणि काच पातेल्यावर किणकिणायला लागली. त्याने जांभई दिली. मग दुसरी. चष्मा काढून डोळे पुसले. शर्टाच्या बाहीखाली हाताचे केस उभे राहिलेले इथून दिसत होते. पेपर थरथरत होता आणि तो तरीही वाचायचा प्रयत्न करत होता. सुई बघितली की डोळे मिटणाऱ्या त्या बाईने हे सगळं डोळे उघडे ठेवून बघितलं. मग स्टोव्ह बंद केला आणि पाटावर बसल्या.

"नुसत्या आवाजाने गं," त्या म्हणाल्या. "मी रोज दंड पुढे करत होते आणि त्याला..." मला वाटलं होतं, माझं म्हणणं खरं ठरल्यावर मला बरं वाटेल. अजिबात वाटलं नाही.

कंपाउंडरबाबूंना परत बोलवावं, नाहीतर मी आहेच, असं मी सुचवलं. "बाबू आले की पातेलं आलं, स्पिरिट आलं," त्या म्हणाल्या. "आणि तुझा हात मला नको. मीच शिकते."

आमच्या खाली सुचित्रादी राहत, शाळेत शिकवणाऱ्या, एकट्या. आईंना त्या माशीमा, म्हणजे मावशी, म्हणत. त्यांच्या स्वयंपाकघरात आमची शिकवणी सुरू झाली, आणि ती पुरी होईतो आईंनी तिथेच माझा हात सोसला. आधी वांग्यावर. वांग्याला टोचतानाही आई डोळे मिटायच्या आणि वांगं सोडून पाटाला टोचायच्या. सुचित्रादींनी तोंडावर पदर धरून हसणं दाबलं. शेवटी एके सकाळी आईंनी साडी गुडघ्याच्या वर घेतली, मांडीची चिमूट धरली, डोळे उघडे ठेवले आणि सुई आत घातली. कपाळ घामाने भिजलं होतं. "हात जड आहे माझा," त्या म्हणाल्या, "पण चालेल." त्या दिवसापासून त्या रोज सकाळी कोथिंबीर निवडायला म्हणून खाली जाऊ लागल्या.

जयप्रकाशला त्यांनी एवढंच सांगितलं की, "आता मी स्वतःच घेत जाईन." कारण सांगितलं नाही. त्याला लाज वाटू नये म्हणून. आमच्या घरात एकमेकांची लाज राखायची म्हणजे बोलायचंच नाही, अशी रीत. त्याने काय अर्थ घ्यायचा तो घेतला. त्याची सर्दी थांबली आणि बोलणंही थांबलं.

दोन-तीन आठवड्यांनी मी दुपारी लवकर घरी आले तर त्याची पेटी दारात. तो चपला घालत होता.

"डमडमला चाललोय, वहिनी. श्रीकांतकडे राहीन."

"काय झालं?"

"काही नाही. ज्या घरात आई माझ्या हातून सुई टोचून घ्यायला घाबरते, तिथे मी कशाला?"

मी आईंना हाक मारली. त्या हात पुसत बाहेर आल्या, पेटीकडे बघितलं, आणि सगळं समजल्या. अण्णा खुर्चीत बसले होते. त्यांच्यासमोरच आईंनी साडी वर घेतली. दोन्ही मांड्यांवर निळे-काळे डाग होते. काही जुने, पिवळे पडलेले, काही कालचे. मलाही त्यांनी हे दाखवलं नव्हतं.

"तुझा हात हलकाच आहे रे," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक नाही का? पण पातेल्यातल्या सुईचा आवाज झाला की तुझ्या अंगावर काटा येतो. मी बघितलाय. पेपर वाचत होतास तू."

जयप्रकाश चपलेसकट खाली बसला. "मला वाटलं कोणाला दिसत नाही," तो म्हणाला. "रोज वाटायचं, आज तुला इंजेक्शन दिलं की सरळ हॉस्पिटलात जावं आणि एक, फक्त एक... आणि तू काढा घेऊन यायचीस."

"ही सवय माझ्या दंडावरून लागलीय," आई म्हणाल्या. "तर सुटेलही माझ्यादेखतच. कालिंदी, तुझे ते उंदीर काय करतात पुढे?"

उंदरांना आमच्या घरात पहिल्यांदाच मान मिळाला. मी सांगितलं. पट्ट्यांच्या पेटीत पुन्हा पुन्हा ठेवलं, आणि औषध कधीच दिलं नाही, तर अंग झटकणं कमी कमी होत जातं. मेंदू नवीन शिकतो, की आता इथे कोणी येणार नाही. पण खरं तेही सांगितलं, की जुनं पुसलं जात नाही. त्याच्यावर नवं बसतं. खालचं कधीतरी वर येऊ शकतं, विशेषतः नव्या जागी, एकटं असताना.

"म्हणजे डमडमला नको," अण्णा म्हणाले आणि स्वतः उठून पेटी आत नेली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात रोज सकाळी रिकामी सुई उकळू लागली. आई खाली जाऊन आपलं इन्शुलिन टोचून यायच्या, मग वर पातेलं चढवायच्या, आणि मायलेक समोरासमोर पाटावर बसायचे. काच किणकिणायची. तो थरथरायचा, नाक पुसायचा. त्या त्याचा हात धरून बसायच्या आणि बाजारात पडवळ किती महाग झालंय ते सांगायच्या. पाणी आटलं की स्टोव्ह बंद. काढा नाही, तेल नाही, काही नाही. फार वाईट सकाळी होत्या त्या. एकदा तो मध्येच उठून जिन्यापर्यंत गेला. आई उठल्या नाहीत. पातेल्यात आणखी पाणी घातलं आणि बसून राहिल्या. तो परत आला.

मग थरथर उतरत गेली. उन्हाळा लागला तेव्हा तो उकळत्या पातेल्यासमोर बसून अण्णांना पेपर वाचून दाखवू लागला होता. एका सकाळी वाचता वाचता कोणीतरी मोठ्ठी जांभई दिली. अण्णा दचकले, मी हातातला डबा खाली ठेवला. जांभई आईंची होती. "झोप झाली नाही माझी," त्या ओशाळून म्हणाल्या, आणि त्या घरात कित्येक महिन्यांनी सगळे पोट धरून हसलो.

जयप्रकाशने पुढे पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. काचपट्ट्या बघायच्या, सुईचं काम नाही. पातेलं बंद झालं. आई खालीच इन्शुलिन घेत राहिल्या, आणि हळूहळू त्यांचा हात बरा झाला.

तीन वर्षांनी त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. मधुमेहाने डोळ्यांमागचे पडदे खाल्ले. सिरिंजवरच्या रेघा दिसेनात. एके सकाळी त्यांनी दुप्पट इन्शुलिन भरलं होतं, सुचित्रादींनी वेळेवर बघितलं म्हणून निभावलं. त्यांना धरून वर आणलं, तेव्हा जयप्रकाश कामावर जायच्या तयारीत होता. पोहे तयार होते.

"कालिंदी, आजपासून तू दे बाई," आई म्हणाल्या. "सोसेन मी."

मी उठले तोवर जयप्रकाशने हात धुतले होते. पातेलं फळीवरून काढून त्याने पाणी चढवलं.

"भाऊजी," मी म्हटलं.

"वहिनी, तुमचा हात जड आहे," तो म्हणाला.

काच किणकिणायला लागली. स्पिरिटचा वास घरभर पसरला. जुनं पुसलं जात नाही, हे मीच तर सांगितलं होतं. त्याने रेघ बघून औषध भरलं, आईंचा दंड धरला, इंजेक्शन दिलं, आणि सिरिंज धुऊन ठेवून आतल्या बाजूला गेला.

आईंनी ह्या वेळी तोंड भिंतीकडे फिरवलं नव्हतं. पावलं गेली तिकडे मान करून त्या बसल्या होत्या, न दिसणारे डोळे सताड उघडे.

"कुठे गेला गं?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "छोट्या खोलीत?"

"नाही. टेबलाशी बसलेत."

"काय करतोय?"

"पोहे खातायत."

"नीट बघ."

मी नीट बघितलं. डोळे कोरडे होते. हातावर काटा नव्हता. "मिरच्या काढून बाजूला ठेवतायत," मी म्हटलं.

आईंनी दंडावरचा कापूस काढून माझ्या हातात दिला आणि स्वतःची ताटली मागितली.